युरो, डॉलर आणि नाशिकचा नवखा सौदेकरी

२०२२ च्या जानेवारीत एक युरो साधारण ८४ रुपयांना होता. एप्रिल संपता संपता तो ८१ च्या आसपास उतरला. त्याच चार महिन्यांत डॉलरसमोर मात्र रुपया घसरला. ७४ च्या थोडा वर असलेला डॉलर साडेशहात्तरपर्यंत गेला. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यातून रॉटरडॅमला द्राक्षं पाठवणारा निर्यातदार त्या हंगामात ‘रुपया घसरला’ हे मथळे वाचत होता आणि त्याच्या खात्यात पडणारी रक्कम कमी होत होती, कारण त्याचं येणं डॉलरमध्ये नव्हतं, युरोत होतं. एका कंटेनरचं वीस हजार युरो येणं धरलं, तर तीन रुपयांच्या फरकाने साठ हजार रुपये गेले. तीन वर्षांनी उलटं घडलं. २०२५ च्या जानेवारीत ८९ च्या आसपास असलेला युरो एप्रिलअखेर ९६ च्या घरात होता. तेवढ्याच येण्यावर सुमारे एक लाख चाळीस हजार रुपये जास्त मिळाले. बाग तीच, छाटणी तीच, मण्याची फुगवणही तीच. फरक पडला तो फ्रँकफर्ट, वॉशिंग्टन आणि मुंबईत ठरणाऱ्या दरांमुळे.

नाशिकमध्ये परकीय चलनाची चर्चा आज दोन ठिकाणी चालते. एक म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि बँकांच्या परकीय चलन विभागात, जिथे खरी बिलं असतात. दुसरं म्हणजे मोबाइलवर. ‘फॉरेक्स शिका, घरबसल्या कमवा’ अशा टेलिग्राम गटांत गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत बसणारी मुलं, नुकतीच निवृत्ती घेतलेली माणसं आणि बागेचे पैसे हाती आलेले तरुण शेतकरी भेटतात. दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरतात, पण धंदे वेगळे आहेत, कायदा वेगळा आहे आणि जोखीमही वेगळी आहे. या आढाव्याचा सगळा भर त्या फरकावर आहे. नवख्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो ‘किती मिळेल’ हा नाही. माझं परकीय चलनात काही येणं किंवा देणं आहे का, हा आहे. बाकी सगळं या उत्तरावर ठरतं.

नाशिकला हा विषय परका नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. त्याआधी भारताच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या, त्याही इथल्याच. कुवेत, बहरीन, कतार, दुबई इथे तेव्हा आपला रुपया चालत होता. पुढे ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. कुवेत आणि बहरीन आधीच बाहेर पडले होते. कतार आणि दुबईनेही त्या वर्षी या नोटा सोडल्या. दुबईच्या व्यापाऱ्याने काही चूक केली नव्हती, तरी त्याच्या तिजोरीतल्या पैशाची किंमत दिल्लीतल्या एका निर्णयाने कमी झाली. चलनाची जोखीम म्हणजे नेमकं काय, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही. ती जोखीम पत्करण्याचा निर्णय धारकाने घेतलेला नसतो. चलन हाती आहे एवढ्यानेच ती त्याच्या गळ्यात पडते.

कायदा काय म्हणतो

भारतात चलनाचे वायदे रीतसर सुरू झाले ते २९ ऑगस्ट २००८ रोजी, राष्ट्रीय शेअर बाजारात, डॉलर-रुपया या जोडीपासून. २०१० मध्ये युरो, पौंड आणि येन आले. एक लॉट हजार डॉलरचा, युरोचा हजार युरोचा, पौंडाचा हजार पौंडाचा, येनचा मात्र एक लाख येनचा. सौदे सकाळी ९ ते संध्याकाळी ५. भाव पाव पैशाच्या टप्प्याने हलतो, म्हणजे एका लॉटवर एका टप्प्याला अडीच रुपये. डॉलर प्रत्यक्ष हाती येत नाहीत. हिशोब रुपयांतच मिटतो. लॉट लहान असल्यामुळे आणि मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी ठेवायची रक्कम, किरकोळ असल्यामुळे पंधरा वर्षं हजारो किरकोळ सौदेकरी या बाजारात आले. त्यांतल्या बहुतेकांचं परकीय चलनाशी काही देणं-घेणं नव्हतं. नियमाने दहा कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यांना कागदपत्रं दाखवण्याची सक्ती नव्हती, आणि दाखवायची नाहीत म्हणजे येणं-देणं असण्याचीही गरज नाही, असा सोयीचा अर्थ लोकांनी लावला होता.

५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाद्वारे रिझर्व्ह बँकेने हा अर्थ मोडून काढला. रुपयाचा समावेश असलेले चलन वायदे हे करारातून आलेल्या खऱ्या येण्या-देण्याच्या संरक्षणासाठीच आहेत. कागद मागितला जाणार नाही, पण व्यवहार मात्र खरा असला पाहिजे. अंमलबजावणी ५ एप्रिलला होणार होती, ती ३ मेपर्यंत पुढे गेली. दलालांनी ग्राहकांकडून हमीपत्रं मागितली, अनेकांनी सौदे कापून टाकले आणि बाजारातली उलाढाल कोसळली. आज एखादा नवखा माणूस ‘मला डॉलर-रुपयाचं ट्रेडिंग करायचंय’ म्हणत दलालाकडे गेला, तर त्याला आधी सही करून सांगावं लागतं की माझं येणं-देणं आहे. ते नसताना केलेली सही म्हणजे खोटं निवेदन. या नियमामुळे बाजार आटला आणि खऱ्या निर्यातदारालाही चांगला भाव मिळणं अवघड झालं, ही तक्रार मला रास्त वाटते. तरीही ज्याचं काही देणं-घेणं नाही अशा माणसाला या बाजारापासून दूर ठेवण्यात त्याचंच भलं आहे, हेही तितकंच खरं.

आता राहिली परदेशी ॲप. रिझर्व्ह बँकेने ३ फेब्रुवारी २०२२ रोजी जाहीर इशारा दिला की अनधिकृत मंचावर परकीय चलनाचे सौदे करणं हा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा, म्हणजे ‘फेमा’चा, भंग आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३४ नावांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध झाली आणि पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणून मंच अधिकृत ठरत नाही, हे बँकेने त्या यादीबरोबरच सांगितलं आहे. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण परदेशी मंचावर मार्जिन म्हणून नाही. फेमाच्या भंगासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे अशा ॲपवर पैसे बुडालेला माणूस तक्रार करायला जातो तेव्हा त्याच्या स्वतःच्या डोक्यावरही कायद्याची टांगती तलवार असते. फसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

थोडक्या पैशात मोठा सौदा

नवख्याचे पैसे कसे जातात हे आकड्यांनी पाहायला हवं. डॉलर ९० रुपयांवर आहे असं धरू. २०२५ च्या डिसेंबरात त्याने ही पातळी पहिल्यांदा ओलांडली. एका लॉटची किंमत नव्वद हजार. मार्जिन दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अडीच हजार धरा. पंचवीस हजार रुपयांत दहा लॉट येतात आणि हातात नऊ लाखांचा सौदा असतो. भाव एक रुपया विरुद्ध गेला की दहा हजार गेले, म्हणजे लावलेल्या पैशातले चाळीस टक्के. एक रुपया ही मोठी चाल नाही का, असं कुणी विचारेल. २८ ऑगस्ट २०१३ रोजी रुपया एकाच दिवसात अडीच रुपयांहून जास्त पडला होता.

हे झालं नियमित बाजाराचं. परदेशी ॲप एकास पाचशे पटीचा सौदा देतात आणि जाहिरातीत ते सवलत म्हणून सांगतात. एकास पाचशे म्हणजे भाव ०.२ टक्के हलला की खातं शून्य. युरो-डॉलरची जोडी एखाद्या साध्या दिवशीही अर्धा टक्का हलते. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी मुख्य चलनांच्या जोडीवर एकास तीस अशी मर्यादा घातली. तेव्हा त्याच्या पाहणीत अशा सौद्यांतली ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात होती. आपल्याकडे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर वायद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक सौदेकरी तोट्यात आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. हे आकडे चलनाचे नाहीत, शेअरच्या वायद्यांचे आहेत. पण सौदेकरी तोच आहे, मोबाइल तोच आहे आणि उसन्या ताकदीची रचनाही तीच आहे. चलनात निकाल वेगळा लागेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

दर सौद्याला किती टक्के पणाला लावायचे, याचं गणित शाळेतल्या मुलाला करता येईल असं आहे, तरीही फार थोडे लोक ते करतात. दर वेळी भांडवलाच्या दोन टक्क्यांची जोखीम घेतली आणि सलग दहा सौदे चुकले, तर शंभरातले जवळजवळ ८२ उरतात. दहा टक्के घेतली तर ३५ उरतात. वीस टक्के घेतली तर ११ सुद्धा उरत नाहीत. आणि निम्मं भांडवल गेलं की मूळ जागी यायला शंभर टक्के नफा लागतो. सलग दहा चुका ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. लॉटची संख्या म्हणून उलट्या बाजूने काढायची. लाख रुपये भांडवल, एका सौद्यात एक टक्का म्हणजे हजार रुपये गमवायची तयारी, तोटा थांबवायची जागा, म्हणजे स्टॉपलॉस, पंचवीस पैशांवर. एका लॉटवर पंचवीस पैसे म्हणजे अडीचशे रुपये. म्हणून लॉट चार, पाचवा नाही. मार्जिनमध्ये चाळीस बसत असतील तरी चारच.

स्टॉपलॉस लावला की झालं, असं शिकवणीत सांगतात. पण आपला बाजार पाच वाजता बंद होतो. अमेरिकेच्या रोजगाराचे आकडे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहा किंवा सातला येतात. फेडरल रिझर्व्हचा निर्णय रात्री साडेअकराला किंवा साडेबाराला. डॉलर हलतो तो आपण झोपलेले असताना, आणि सकाळी ९ वाजता बाजार उघडतो तो थेट नव्या भावाने. आदल्या दिवशी लावलेला स्टॉपलॉस मधल्या भावांना भेटतच नाही, मिळेल त्या भावाला सौदा कापला जातो.

याचा सगळ्यात कठोर दाखला १५ जानेवारी २०१५ चा. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला १.२० फ्रँक ही सव्वातीन वर्षं सांभाळलेली मर्यादा त्या सकाळी अचानक सोडली. काही मिनिटांत फ्रँक तीस टक्क्यांच्या आसपास उसळला. बाजार उघडा होता, स्टॉपलॉस लावलेले होते, पण मध्ये खरेदीदारच नव्हते. लोकांची खाती शून्याखाली गेली, म्हणजे घातलेले पैसे जाऊन वर दलालाचं देणं झालं. एफएक्ससीएम या मोठ्या अमेरिकी दलालाच्या ग्राहकांकडे साडेबावीस कोटी डॉलर थकले आणि ब्रिटनची अल्पारी बुडाली. मध्यवर्ती बँक शब्द देते तोपर्यंत भाव स्थिर असतो आणि ती शब्द सोडते त्या दिवशी मधल्या पायऱ्या नसतात. आपला रुपयाही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतो. ती सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते, विकत घेते, कधी हात मागे घेते. २०२३ ते २०२४ चा बराच काळ रुपया इतका शांत होता की नवख्यांना वाटलं, हा सगळ्यात सुरक्षित बाजार. त्याच शांततेच्या भरवशावर मोठे लॉट घेतलेल्यांची २०२४ च्या अखेरीनंतर झोप उडाली.

ज्याचं येणं-देणं खरं आहे

इथे विषय नाशिकचा होतो आणि इथेच तो खरा शिकण्यासारखाही आहे. द्राक्ष निर्यातदार, कांद्याचा निर्यातदार, वाइनसाठी लाकडी पिंपं आणि बुचं परदेशातून आणणारा, अंबडमधला यंत्राचे सुटे भाग आयात करणारा, मुलीची जर्मनीतली किंवा आयर्लंडची फी भरायची असलेला पालक. यांच्यापैकी कुणी काहीच केलं नाही, तरी तो चलनाचा सौदा करतोच आहे. फक्त तो उघड्यावर सोडलेला आहे.

साधा मार्ग बँकेचा आगाऊ करार, ज्याला सगळे फॉरवर्ड म्हणतात. एप्रिलअखेर येणारे वीस हजार युरो आज ठरलेल्या भावाने विकायचे. ठरलेला भाव आजच्या भावापेक्षा थोडा वेगळा असतो. तो फरक दोन्ही देशांच्या व्याजदरातल्या तफावतीतून येतो, बँकेच्या अंदाजातून नाही. हे कळलं की ‘बँकेला वाटतंय युरो चढेल’ असा गैरसमज राहत नाही. भाव मात्र तपासून घ्यावा लागतो. बँक आपलं मार्जिन, म्हणजे इथे तिचा नफा, भावातच घालते, पावतीवर दाखवत नाही. युरोमागे पन्नास पैसे म्हणजे वीस हजार युरोवर दहा हजार रुपये. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू केलेल्या एफएक्स-रिटेल या मंचावर छोट्या ग्राहकाला डॉलरचा बाजारभाव दिसतो आणि आपल्या बँकेमार्फत तिथे सौदाही करता येतो. बँकेने दोन आकडी पैसे वर मागितले तर विचारायची हिंमत त्या भावामुळे येते.

पण नाशिकच्या निर्यातदाराची खरी अडचण भाव नाही. किती युरो येतील हेच नक्की नसतं. डिसेंबर-जानेवारीत अवकाळी आला, मणी तडकले, की माल निम्मा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्यावरून युरोपने भारतीय द्राक्षं अडवली, तेव्हा माल बंदरात होता आणि येणं हवेत विरलं. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांदा निर्यात एका रात्रीत बंद झाली आणि ती पुन्हा खुली झाली मे २०२४ मध्ये. त्याच हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, माल उशिरा पोचला आणि पैसेही. आता कल्पना करा, कुणी पूर्ण हंगामाचे डॉलर-युरो आगाऊ विकून ठेवलेत. येणं आलंच नाही, तरी करार पाळावाच लागतो. बाजारातून युरो विकत घेऊन बँकेला द्यायचे किंवा करार मोडून फरक भरायचा. संरक्षण म्हणून घेतलेली गोष्ट तिथे सट्टा होते. म्हणून जाणते निर्यातदार पूर्ण रकमेवर करार करत नाहीत. जो माल जहाजात चढला आहे, ज्याला किमान हमी भाव लेखी ठरला आहे, तेवढ्याच रकमेवर आणि तेही हप्त्याहप्त्याने करतात. कन्साइनमेंटवर पाठवलेल्या, भाव न ठरलेल्या मालाचं येणं अंदाजाने विकणं मला चुकीचं वाटतं. तारखेलाही पंधरा दिवसांची सैल जागा हवी.

याचा मोठा धडा २००७-०८ चा आहे. २००७ मध्ये रुपया वधारत ३९ च्या आसपास गेला. निर्यातदार घाबरले. तिरुपूरच्या कापड निर्यातदारांपासून अनेकांना बँकांनी ‘विनाखर्च’ म्हणून गुंतागुंतीचे करार विकले. येणं डॉलरमध्ये आणि करार स्विस फ्रँक किंवा येनशी बांधलेले. फ्रँक उसळला, २००८ च्या अखेरीस रुपयाही ५० पर्यंत घसरला आणि अनेकांचे धंदे मोडले. खटले झाले. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने वायदा नियमांच्या भंगासाठी १९ बँकांना दंड केला. ज्या चलनात आपलं येणं नाही त्या चलनाशी बांधलेला करार घ्यायचा नाही, आणि ज्याचा जास्तीत जास्त तोटा एका ओळीत सांगता येत नाही त्या कागदावर सही करायची नाही. समोर बँकेचा अधिकारी असला तरी हीच कसोटी.

शेतकऱ्याला बागेतच किलोमागे रुपयांत भाव मिळतो, त्यामुळे ही जोखीम आपली नाही असं त्याला वाटतं. निर्यातदार मात्र युरोचा धोका मनात धरूनच बागेवरचा भाव कापतो. शेतकऱ्यांच्याच मालकीच्या उत्पादक कंपन्यांत तर युरोचा चढउतार सरळ सभासदाच्या अंतिम दरात उतरतो. अशा कंपनीच्या वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने ‘या हंगामातलं किती टक्के येणं आपण आगाऊ बांधलं होतं आणि कोणत्या भावाने?’ असं विचारलं पाहिजे. तो प्रश्न खत-औषधांच्या खर्चाइतकाच त्याच्या पोटाचा आहे.

पालकांसाठी गोष्ट सोपी आहे. फी पुढच्या सहा महिन्यांत तीन हप्त्यांत भरायची असेल, तर युरो खाली येईल म्हणून थांबायचं नाही. तिन्ही हप्त्यांचे पैसे थोडे थोडे करून आधीच बदलत राहायचं आणि दोन-तीन बँकांचे भाव लेखी मागायचे.

तिप्पट पैशांची आठवण

२०१४ मध्ये नाशिकच्या केबीसी मल्टिट्रेडचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा जिल्ह्यातच नव्हे तर मराठवाड्यातही घरंच्या घरं बुडाली. पैसे थोड्या वर्षांत तिप्पट, हे आमिष होतं. २०१६ मध्ये मैत्रेय कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाच्या आदेशाने एस्क्रो खातं उघडून ठेवीदारांना पैसे परत द्यायला सुरुवात झाली, ती नाशिकमध्येच. ते शक्य झालं कारण कंपनीची मालमत्ता इथे होती, जमिनी होत्या, आणि महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा तिच्यावर चालत होता. परदेशात नोंदलेल्या फॉरेक्स ॲपची इथे जप्त करायला एक खुर्चीही नसते. पैसे भाड्याच्या बँक खात्यांतून फिरून देशाबाहेर जातात.

ऑक्टाएफएक्स या परदेशी फॉरेक्स मंचाचं प्रकरण सुरू झालं पुण्यातल्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यावरून. तपास ईडीकडे गेला. या मंचाने नऊ महिन्यांत भारतातून सुमारे ८०० कोटी रुपये कमावल्याचा ईडीचा आरोप आहे. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्याच यादीत हे नाव होतं. त्याआधी ते आयपीएलमधल्या दिल्ली संघाचं प्रायोजक होतं आणि लाखो लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं. खेळाडूंच्या अंगावरचं नाव म्हणजे परवाना नव्हे, एवढं यातून प्रत्येक घरात पोचायला हवं.

फसवणुकीची रीत आता ओळखीची झाली आहे. आधी थोडा नफा खरोखर खात्यात येतो. मग मोठी रक्कम मागतात. पडद्यावर लाखोंचा नफा दिसतो आणि काढायला गेलं की ‘आधी कर भरा’, ‘आधी खातं खुलं करण्याची फी भरा’ असं सुरू होतं. भारतात कोणताही कर दलालाच्या वैयक्तिक खात्यात किंवा त्याच्या यूपीआयवर भरायचा नसतो. ठरावीक मासिक परताव्याची हमी कुणी दिली, तर तो बाजारच नाही हे तिथेच कळावं. पैसे गेलेत असं लक्षात आलं की पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करावा. खातं गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावरही तक्रार देता येते.

शिकायचंच असेल तर

चलनबाजार शिकण्यात काहीच गैर नाही. जगात रोज ९.६ लाख कोटी डॉलरची उलाढाल होणारा हा बाजार आहे, असं आंतरराष्ट्रीय देणी बँकेची २०२५ ची पाहणी सांगते. व्याजदर, तेल, युद्ध, पाऊस, निवडणूक हे सगळं त्या एका भावात येऊन मिळतं. अर्थशास्त्र समजून घ्यायला यापेक्षा जिवंत वही मिळणार नाही. सेबीच्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची चलन वायद्यांवरची परीक्षा आहे आणि तिचं पुस्तक अभ्यासायला मिळतं. ज्यांचं येणं-देणं नाही त्यांनी पैसे न घालता सहा महिने कागदावर सौदे मांडावेत. कुठे घेतलं, का घेतलं, कुठे थांबणार होतो, प्रत्यक्ष काय झालं, हे लिहून. यात शिकवणीवाल्यांना काही मिळत नाही, म्हणून ते हा मार्ग सांगत नाहीत. सहा महिन्यांनी ती वही उघडली की आपला अंदाज किती वेळा बरोबर आला त्यापेक्षा बरोबर आलेल्या वेळी किती मिळालं आणि चुकलेल्या वेळी किती गेलं, हे बघावं. साठ टक्के बरोबर येऊनही माणूस तोट्यात असतो, कारण तो नफा लवकर घेतो आणि तोटा धरून बसतो.

ज्यांचं येणं-देणं आहे त्यांनी मात्र कागदावर थांबू नये. आपल्या बिलाएवढाच, आपल्याच चलनात, आपल्याच तारखेचा एक लहान फॉरवर्ड करून पाहावा. तो नफ्यासाठी करायचा नाही. हंगामाअखेर भाव आपल्या बाजूने गेला आणि करारामुळे जास्तीचे पैसे सुटले, तरी करार चुकला असं म्हणायचं नाही. विम्याचा हप्ता भरून गारपीट झाली नाही म्हणून कुणी रडत नाही. आणि यासाठी कर्ज काढायचं नाही, सोसायटीचं तर नाहीच.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ दर वर्षी छाटणी, वाढरोधकं आणि रेसिड्यूवर चर्चासत्रं घेतो. त्याच मांडवात ऑक्टोबर छाटणीच्या आधी एक दुपार युरो-रुपयाला द्यावी आणि बँकेच्या परकीय चलन अधिकाऱ्याला बागायतदारांसमोर बसवून भाव, मार्जिन आणि करार मोडण्याचा खर्च फळ्यावर मांडायला सांगावा. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी कारखानदारांसाठी हेच करावं. शहरातल्या वाणिज्य महाविद्यालयांनी रिझर्व्ह बँकेची सावधगिरीची यादी सूचना फलकावर लावावी. त्याला काहीच खर्च येत नाही.